मॅक्बेथ

मॅक्बेथ : विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) ह्या श्रेष्ठ इंग्रज नाटककाराची एक पंचांकी शोकात्मिका. रचना सु. १६०६. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर १६२३ मध्ये त्याच्या नाटकांचा जो पहिला संकलित ग्रंथ (‘फर्स्ट फोलिओ’) निघाला, त्यात ती प्रथम छापली गेली. हॅम्लेट, ऑथेल्लो आणि किंग लिअर ह्यांच्या बरोबरीने तिची गणना शेक्सपिअरच्या चार श्रेष्ठ शोकात्मिकांत केली जाते. त्याच्या सर्व शोकात्मिकांत ती आकाराने लहान असून तिची गतीही सर्वांत वेगवान आहे. राजाची हत्या करून सिंहासन बळकावणाऱ्या एका शूर सरदाराची ही कथा प्रथमदर्शनी महत्त्वाकांक्षेची कथा वाटते. तथापि ह्या महत्त्वाकांक्षेची पूर्ती दुसऱ्या अंकाच्या अखेरीसच झालेली असते. उरलेल्या तीन अंकांचा विषय आहे, तो मिळविलेल्या सिंहासनावर नायकाला न लाभलेली मनःशांती. अपराधाची तीव्र जाणीव असणे म्हणजे पश्चात्ताप होणे नव्हे. किंबहुना पश्चात्तापाची जोड नसलेली अपराधभावना माणसाला नव्या अपराधांकडेच ढकलू शकते, हे ह्या नाटकात अत्यंत परिणामकारकपणे दिसून येते.

कथेचा आधार : नाटकाचे कथानक मुख्यतः राफेएल हॉलिन्शेड ह्याच्या इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड ह्या देशांच्या बखरींवरून (१५७७, दुसरी आवृत्ती १५८७) घेतलेले आहे. इतिहासातील मॅक्बेथने १०४० मध्ये डंकन राजाचा लढाईत वध करून स्कॉटलंडचे राज्य मिळविले आणि १०५७ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, ते सांभाळले. हॉलिन्शेडच्या बखरीतही मॅक्बेथने आरंभीची दहा वर्षे चांगले कायदे करून न्यायाने राज्य केल्याचे वर्णन आहे. शेक्सपिअरने ही शांततेची दहा वर्षे पूर्णतः वगळली. त्याच्या मॅक्बेथला राज्यारोहणानंतर समाधानाचा एकही दिवस मिळत नाही. शयनगृहातील हत्येचा तपशील त्याने त्याच बखरीतील दुसऱ्या एका प्रसंगातून, डॉनवल्ड ह्या सरदाराने पत्नीच्या चिथावणीवरून आपल्या घरी पाहुणा म्हणून आलेल्या डफ राजाचा खून करविला त्या प्रसंगातून, उचलला. पुतण्याला विष देऊन ठार करणाऱ्या केनेथ राजाला रात्री अंथरुणावर असताना एक अज्ञात वाणी ऐकू आली व त्यानंतर त्याची झोप उडाली, अशीही एक हकीकत बखरीत आहे. अशा विखुरलेल्या प्रसंगांची निवड करताना शेक्सपिअरची दृष्टी इतिहासापेक्षा अपराध्याच्या मनाकडे अधिक होती, हे उघड आहे. बखरीत बँक्वो हा मॅक्बेथचा साथीदार आहे. नाटकात मात्र तो निरपराध दाखविला आहे. १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला स्कॉटलंडचा राजा जेम्स हा स्वतःला बँक्वोचा वंशज मानीत असे, हे त्याचे एक कारण होय. दुसरे कारण नाट्यदृष्ट्या अधिक महत्त्वाचे आहे : तोच मोह समोर असताना त्याला बळी न पडणारा एक माणूस मॅक्बेथच्या शेजारी उभा करणे नाटककाराला आवश्यक वाटले असावे.

कथानक : बंडखोरांचा आणि परकीय आक्रमकांचा पराभव करून परतणाऱ्या मॅक्बेथ व बँक्वो ह्या सेनापतींना माळरानावर तीन चेटकिणी भेटतात. मॅक्बेथ हा कॉडॉरचा सरदार व पुढे राजा होईल आणि बँक्वोचे वंशज राजपद भोगतील, असे भविष्य त्या वर्तवितात. पहिले भाकीत तत्काळ खरे ठरते. डंकन राजा इन्व्हर्नेस येथील मॅक्बेथच्या गढीत मुक्कामास येतो. पत्नीच्या प्रेरणेने मॅक्बेथ त्याच रात्री त्याचा झोपेत खून करतो. राजपुत्र माल्कम व डॉनलबेन पळून जातात आणि मॅक्बेथ राजा होतो. भाकिताच्या धास्तीने तो बँक्वोचा वध करवितो. बँक्वोचा मुलगा फ्लीअन्स मात्र निसटतो. राजभोजनाच्या वेळी बँक्वोचे भूत मॅक्बेथच्या आसनावर येऊन बसते. पुढे मॅक्डफ हा सरदार इंग्लंडला गेल्याचे कळताच मॅक्बेथ त्याच्या पत्नीची व मुलांची कत्तल करवितो. लेडी मॅक्बेथच्या मनाचा तोल जातो व तिचा मृत्यू ओढवतो. अखेर माल्कमच्या सैन्यासह आलेला मॅक्डफ डन्सिनेन येथे मॅक्बेथला ठार करतो.

हत्येपूर्वीची जाणीव : अपराध घडल्यानंतर अपराधभावना निर्माण होते, अशी सामान्य समजूत आहे. मॅक्बेथच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. भविष्य ऐकताक्षणीच खुनाची कल्पना त्याच्या मनात उभी राहते आणि त्या नुसत्या कल्पनेने त्याचे केस उभे राहतात, काळीज धडधडू लागते. पहिल्या अंकाच्या शेवटच्या प्रवेशातील स्वगतात तो आपल्या कृत्याचे परिणाम एखाद्या न्यायाधीशाप्रमाणे मांडतो. डंकन हा आपला आप्त आहे, राजा आहे आणि पाहुणा आहे. त्याच्या मारेकऱ्याला दाराबाहेर अडविणे हे यजमानाचे कर्तव्य असताना आपण स्वतःच सुरी हाती घेणे कसे शक्य आहे, असे तो स्वतःला विचारतो. आपण दुसऱ्यासाठी भरलेला विषाचा प्याला न्याय अखेर आपल्याच ओठांशी आणतो, हेही तो जाणतो. मॅक्बेथच्या हातून जे घडते ते अज्ञानामुळे घडत नाही, हे ह्या स्वगतावरून स्पष्ट होते. इडिपसला आपण काय केले हे कृत्यानंतर कळते. ऑथेल्लो फसविला जातो. मॅक्बेथला मात्र सर्व आधीच माहीत असते. त्याच सुमारास बँक्वोलाही कुविचार सतावीत असतात, परंतु झोपेत येणाऱ्या ह्या विचारांपासून आपले रक्षण करावे, अशी प्रार्थना तो दैवी शक्तींना करतो. दोघांतील फरक मोहाच्या अभावाचा नसून मोहाशी वागण्याच्या रीतीचा आहे.

हत्येची रात्र : दुसऱ्या अंकातील हत्येचा प्रसंग रंगमंचावर दाखविलेला नाही. खून पडद्याआड होतो. प्रेक्षकांसमोर येतात ते रक्ताने माखलेले हात आणि विस्कटलेले मन. शेजारच्या खोलीत झोपेतून चाळवलेल्या दोघांनी देवाचे नाव घेतले, तेव्हा आपल्याला ‘आमेन’ हा शब्द उच्चारता आला नाही, ह्याच गोष्टीचा मॅक्बेथला सर्वाधिक धक्का बसतो. आशीर्वादाची सर्वांत अधिक गरज असताना तो शब्द घशातच अडकला, ह्याचा अर्थ आपण ईश्वरी कृपेच्या बाहेर फेकले गेलो, असा त्याला भासतो. ह्याच वेळी, मॅक्बेथने निद्रेचाच वध केला असून त्याला आता कधीही झोप लाभणार नाही, अशी वाणी आपण ऐकल्याचे तो सांगतो. समुद्राचे सारे पाणीही हे हात धुऊ शकणार नाही, उलट हातांच्या स्पर्शाने समुद्रच लाल होईल, असे त्याला वाटते. लेडी मॅक्बेथ मात्र थोड्याशा पाण्याने सर्व काम भागेल असे म्हणते. ह्या दोन उद्गारांतील विरोधावर पुढील सर्व नाटक उभे आहे. त्याच क्षणी दारावर थाप पडते. राजाला जागे करण्यासाठी ठोठावणाऱ्या ह्या थापा त्याला खरोखरच जागा करू शकल्या असत्या तर बरे झाले असते, अशी मॅक्बेथची भावना होते. संपूर्ण नाटकात पश्चात्तापाच्या अगदी जवळ तो पोहोचतो, ते ह्याच एका वाक्यात.

निद्रानाश : निद्रा ही ह्या नाटकातील मध्यवर्ती प्रतिमा आहे. आरंभी एक चेटकीण एका खलाशाची झोप हिरावून घेण्याची धमकी देते. डंकनचा खून झोपेत होतो. राजा झाल्यावर मॅक्बेथ रात्रीच्या भयंकर स्वप्नांविषयी तक्रार करतो. भोजनप्रसंगानंतर त्याची पत्नी त्याला झोपेची गरज असल्याचे सांगते आणि शेवटी तिची स्वतःचीच झोप रोगट बनते. निद्रा म्हणजे येथे केवळ शरीराचा विसावा नव्हे. दिवसभराच्या चिंतांची उसवलेली वीण सांधणारी, जीवनाचे पोषण करणारी आणि सज्जन-दुर्जन, राजा-रंक सर्वांना समान लाभणारी ती एक नैसर्गिक देणगी आहे. निर्धास्तपणे डोळे मिटणाऱ्याने जगावर विश्वास टाकलेला असतो. त्याच विश्वासाच्या अवस्थेत मॅक्बेथने आपल्या पाहुण्याला मारलेले असल्यामुळे तो विश्वास त्याला पुन्हा मिळू शकत नाही. तिसऱ्या अंकात त्याला मृत डंकनचा हेवा वाटू लागतो. जीवनाचा ताप संपून डंकन स्वस्थ झोपला आहे, आता विष, शस्त्र वा बंड त्याला स्पर्श करू शकत नाही, असे तो बोलून दाखवितो. मारेकऱ्याने मृताचा हेवा करावा, ही अवस्था शिक्षेहून निराळी नाही.

भीती व नवे अपराध : मनःशांती गमावल्यावर ती परत मिळविण्याचे दोन मार्ग मॅक्बेथपुढे असतात. केलेले कृत्य मान्य करून त्याचे फळ सोडणे, हा एक. आणि अस्वस्थतेचे कारण बाहेर शोधून ते नष्ट करणे, हा दुसरा. तो दुसरा मार्ग पत्करतो. नुसते राजा असणे पुरेसे नाही, निर्धोक राजा असणे हवे, असे म्हणून तो बँक्वोला आपल्या अस्वास्थ्याचे कारण ठरवितो. बँक्वो मरतो पण फ्लीअन्स वाचतो. त्यामुळे भीती कायम राहते. मग प्रत्येक सरदाराच्या घरी हेर ठेवले जातात. मॅक्डफच्या कुटुंबाच्या हत्येत तर राजकीय लाभही नसतो. डंकनला मारण्यापूर्वी मॅक्बेथने दीर्घकाळ विचार केला, बँक्वोला मारण्यापूर्वी मारेकऱ्यांना पटविण्याचे श्रम घेतले. मॅक्डफच्या मुलांच्या बाबतीत विचार आणि कृती ह्यांत त्याने अंतरच ठेवले नाही. आपण रक्ताच्या प्रवाहात इतके पुढे आलो आहोत, की मागे फिरणे हे पैलतीरी जाण्याइतकेच कष्टाचे आहे, असे तो म्हणतो. मागे फिरणे अशक्य आहे असे तो म्हणत नाही, फक्त कष्टाचे आहे असे म्हणतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. भूत दिसण्याचे खापरही तो आपल्या नवखेपणावर फोडतो. अपराध करण्याची सवय झाली की असे भास थांबतील, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब खरा ठरतो, हीच त्याची शोकात्म परिणती होय. पाचव्या अंकात स्त्रियांचा आक्रोश ऐकूनही तो दचकत नाही. भयाची चवच आपण विसरलो आहोत, असे तो सांगतो. पत्नीच्या मृत्यूची वार्ता येते, तेव्हा शोक करण्याची शक्तीही त्याच्यात उरलेली नसते. सारे जीवन म्हणजे अर्थशून्य गोंगाट आहे, एवढाच निष्कर्ष तो काढतो. भीती गेली, पण तिच्याबरोबर जीवनाचा अर्थही गेला.

लेडी मॅक्बेथ : पतीचा ऱ्हास जागेपणी व प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत होतो, लेडी मॅक्बेथचा ऱ्हास मात्र दृष्टीआड होतो. पहिल्या अंकात ती अमानुष शक्तींना आवाहन करून अनुकंपेच्या सर्व वाटा बंद करण्याची विनंती करते. अशी विनंती करावी लागते, ह्यातच त्या वाटा तिच्या ठिकाणी खुल्या असल्याचे सूचित होते. झोपलेला राजा आपल्या पित्यासारखा दिसला नसता, तर आपणच ते कृत्य केले असते, हे तिचे विधानही तेच दर्शविते. तिसऱ्या अंकात, इच्छित वस्तू मिळूनही समाधान नसेल तर सर्व खर्ची पडून हाती काहीच उरले नाही, अशी कबुली ती एकटी असताना देते. पती येताच मात्र झाले ते झाले असे सांगून त्याला धीर देते. दोघांचे दुःख एकच असूनही ती ते एकमेकांजवळ उघड करीत नाहीत. बँक्वोच्या वधाचा बेत मॅक्बेथ तिला आगाऊ सांगतही नाही. एका अपराधाने जोडलेली ही दोन माणसे त्याच अपराधामुळे परस्परांपासून दुरावतात.

पाचव्या अंकाच्या आरंभीचा निद्राभ्रमणाचा प्रवेश हा जागतिक रंगभूमीवरील अत्यंत प्रसिद्ध प्रवेशांपैकी एक होय. रात्रभर जवळ दिवा असावा अशी आज्ञा देणारी राणी झोपेत चालत येते, हात चोळीत राहते आणि रक्ताचा एक डाग जाता जात नाही म्हणून व्याकुळ होते. हत्येच्या रात्रीचे, बँक्वोच्या वधाचे व मॅक्डफच्या पत्नीच्या हत्येचे तुकडे तिच्या बोलण्यात क्रम सोडून येतात. पूर्वी थोडे पाणी पुरेसे आहे असे म्हणणाऱ्या तिला आता अरबस्तानातील सर्व सुगंधांनीही हाताचा दर्प जाणार नाही असे वाटते. उदात्त पद्यात बोलणारी ही व्यक्तिरेखा येथे तुटक गद्यात बोलते. हा प्रसंग पाहणारा वैद्य, तिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज अधिक आहे, असे सांगतो. पुढे मॅक्बेथ त्याच वैद्याला, मनात रुजलेले दुःख उपटून काढणारे औषध नाही काय, असे विचारतो. त्यावर अशा वेळी रोग्यानेच स्वतःवर उपचार करावयाचा असतो, असे उत्तर त्याला मिळते. मॅक्बेथचा हा प्रश्न पत्नीइतकाच स्वतःसाठीही असतो. वृद्धापकाळी मिळणारा मान, प्रेम आणि मित्रांचा समुदाय ह्यांची आपण अपेक्षा ठेवू नये, हे त्याने नुकतेच ओळखलेले असते.

अपराधभावना व पश्चात्ताप : अपराधभावनेत केलेल्या कृत्याचे ओझे जाणवते, पश्चात्तापात ते कृत्य मान्य करून, त्याचे फळ सोडून, वेगळे होण्याची इच्छा असते. मॅक्बेथ पतिपत्नींना पहिली भरपूर आहे, दुसरी नाही. पश्चात्तापाचे उदाहरण शेक्सपिअरने नाटकाच्या आरंभीच ठेवले आहे. कॉडॉरचा पूर्वीचा सरदार राजद्रोहाबद्दल मृत्युदंड भोगताना अपराध कबूल करतो, क्षमा मागतो आणि शांतपणे मरतो. जगण्यापेक्षा मरताना तो अधिक शोभला, असा अभिप्राय त्याच्याविषयी दिला जातो. त्याचा किताब मॅक्बेथला मिळतो, त्याचा शेवट मात्र मिळत नाही. हॅम्लेटमधील क्लॉडिअस राजाही भावाच्या खुनाबद्दल प्रार्थना करू पाहतो. परंतु मुकुट आणि राणी जवळ ठेवून क्षमा मिळणार नाही हे ओळखून उठतो. मॅक्बेथ प्रार्थनेचा प्रयत्नही करीत नाही. केवळ अखेरच्या द्वंद्वापूर्वी, तुझ्या माणसांच्या रक्ताने माझा आत्मा आधीच जड झाला आहे, असे सांगून तो मॅक्डफला मागे फिरण्यास सुचवितो. त्याची सदसद्विवेकबुद्धी पूर्णपणे मेलेली नव्हती, ह्याचा हा शेवटचा पुरावा. ती जिवंत असल्यामुळेच प्रेक्षकांना त्याच्याविषयी तिरस्काराबरोबर करुणाही वाटते. केवळ दुष्ट माणसाला झोप येऊ शकते. मॅक्बेथला ती येत नाही.

नाट्यपरंपरेतील स्थान : अपराध्याच्या यातनांचे चित्रण प्राचीन ग्रीक नाटकातही आढळते. एस्किलसच्या ओरेस्टेइआ (इ. स. पू. ४५८) ह्या नाट्यत्रयीत मातृवध करणाऱ्या ओरेस्टीझचा सूडदेवता पाठलाग करतात, परंतु त्या प्रत्यक्ष रंगमंचावर अवतरतात आणि अखेर अथेन्सच्या न्यायसभेत ह्या प्रश्नाचा निकाल लागतो. मॅक्बेथमध्ये अशी न्यायसभा नाही. खंजीर हवेत दिसतो तो एकट्या मॅक्बेथला, बँक्वोचे भूत भोजनास बसलेल्या इतर कोणासही दिसत नाही आणि राणीच्या हातावर डाग नसतोच. अपराधाचा पाठलाग बाहेरून आत नेणे हे शेक्सपिअरचे मोठे योगदान होय. चेटकिणींच्या उपस्थितीमुळे ही जबाबदारी कमी होत नाही. त्या भविष्य सांगतात, खून करण्यास मात्र सांगत नाहीत.

समीक्षा व रंगभूमी : सायमन फॉरमन ह्याने १६११ मध्ये ग्लोब नाट्यगृहात हे नाटक पाहून लिहिलेल्या टिपणात हातांवरील न धुतल्या जाणाऱ्या रक्ताचा, बँक्वोच्या भुताचा आणि राणीच्या निद्राभ्रमणाचा उल्लेख आहे. अपराधभावनेचे प्रसंगच प्रारंभीच्या प्रेक्षकाच्याही लक्षात राहिले, हे त्यावरून दिसते. सेअरा सिडन्झ ह्या अभिनेत्रीने १७८५ मध्ये लंडनमध्ये लेडी मॅक्बेथची भूमिका केली. निद्राभ्रमणाच्या प्रवेशात हातातील दिवा खाली ठेवून हात धुण्याचा तिचा अभिनय परंपरेला सोडून होता व तो फार गाजला. टॉमस डी क्विन्सीने दारावरील थापांवर लिहिलेल्या निबंधात (१८२३), ह्या थापांमुळे हत्येच्या काळोखी विश्वातून माणसांचे जग पुन्हा सुरू होते आणि म्हणूनच त्या भीषण वाटतात, असे विवेचन केले. ए. सी. ब्रॅड्ली ह्याने शेक्सपिअरियन ट्रॅजेडी (१९०४) ह्या ग्रंथात मॅक्बेथची कल्पनाशक्ती हीच त्याच्या सदसद्विवेकाची वाणी असल्याचे प्रतिपादन केले. सिग्मंड फ्रॉइडने १९१६ मध्ये, यश मिळताच कोसळणाऱ्या व्यक्तींचे उदाहरण म्हणून लेडी मॅक्बेथचा विचार केला.

ह्या नाटकावर जूझेप्पे व्हेर्दी ह्याची संगीतिका (१८४७), आकिरा कुरोसावाचा थ्रोन ऑफ ब्लड ह्या इंग्रजी नावाने ओळखला जाणारा जपानी चित्रपट (१९५७) आणि विशाल भारद्वाज ह्यांचा मक़बूल हा हिंदी चित्रपट (२००३) आधारलेले आहेत. बी. व्ही. कारंत ह्यांनी यक्षगानाच्या शैलीचा उपयोग करून ते बरनम वन (१९७९) ह्या नावाने हिंदीत सादर केले. मराठीत शि. म. परांजपे ह्यांचे मानाजीराव आणि वि. वा. शिरवाडकर ह्यांचे राजमुकुट (१९५४) ही मॅक्बेथची रूपांतरे प्रसिद्ध आहेत. देश, काळ व वेष बदलूनही ह्या कलाकृतींत महत्त्वाकांक्षी पतिपत्नींची ती रात्र आणि त्यानंतरचा निद्राहीन काळ कायम राहिला आहे. राज्य कोणतेही असो, ते मिळविताना जे गमावले ते राज्याच्या बळावर परत मिळविता येत नाही, हे ह्या नाटकाचे सूत्र सर्वत्र ओळखीचे ठरले आहे.